पहिला तुकडा

"ते कोकमाचं पाणी ओतून द्या, दर्शनाताई," निनाद सर म्हणाले. "सुरण काळपट पडतं त्यानं. उद्या फोटो काढणार आहेत."

मी पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून उभी होते. शेजारी परातीत चिरलेलं सुरण, चांगलं साडेतीन किलो. जनाआत्तेंनी दुपारभर बसून सोललेलं.

"सर, कोकमात ठेवलं नाही तर घशाला खाज सुटते."

"भाजल्यावर जाते ती. मी वाचलंय."

"तुम्ही वाचलंय. मी खाल्लंय."

त्यांना ते लागलं. एकोणतीस वर्षांचा पोरगा, पांढरा कडक कोट, छातीवर नाव शिवलेलं. "हे बघा, किचन माझं आहे," ते म्हणाले. "साध्या पाण्यात ठेवा आणि सांगितलंय तेवढं करा."

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावाखाली समुद्रावर एक रिसॉर्ट आहे, बारा खोल्यांचं. तिथल्या स्वयंपाकघरात मी तेव्हा सहा वर्षं हेल्पर होते. चिरायचं, वाटायचं, घासायचं. हेल्परला पावसाळ्यात चार महिने घरी बसवतात आणि दसऱ्याला पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नसते. दरवर्षी गणपती झाले की मी फोनकडे डोळे लावून बसायची. पण त्या वर्षी सेकंड कुकची जागा निघाली होती. बारा महिन्यांची, पक्की. रविवारी मुंबईहून वागळे मॅडम, म्हणजे मालकीणबाई, पाहुणे घेऊन येणार होत्या. थंडीचा नवा मेनू चाखणार, आणि जागा कुणाला द्यायची ते तिथंच ठरवणार. मेनूत सगळ्यात वरती होतं ते सॅलड. आणि ते सॅलड सरांना मी दाखवलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

झालं होतं असं की महिनाभर आधी सर कुठल्यातरी परदेशी धान्याची पाकिटं घेऊन बसले होते. शिजवायचं, त्यात बीट घालायचं, वर पानं टाकायची आणि पाहुण्यांसमोर ठेवायचं. पाहुणे दोन चमचे खायचे आणि आमटी-भात मागायचे. तीन दिवस मी ताटंच्या ताटं कुत्र्यांना घातली. चौथ्या दिवशी म्हटलं, सर, मला एकदा करू द्या. वरीचे तांदूळ कोरडे भाजले, खमंग वास येईपर्यंत, मग मोजक्या पाण्यात शिजवून परातीत पसरले, दाणा दाणा सुटा. सुरण, रताळी, कणगरं असे कंद केळीच्या पानात बांधून निखाऱ्यात पुरले. मुळ्याचा कोवळा पाला नि लाल माठ बारीक चिरून मिठानं चोळला. वरून कोकमाचं आगळ, गूळ, ठेचलेली मिरची, ओलं खोबरं. सगळं हातानं हलकं कालवलं. सर उभ्याउभ्या तीन ताटल्या खाऊन गेले, फक्त सुरण तेवढं बाजूला काढून. सुरण त्यांना आवडायचं नाही. "हे आपण सॅलड म्हणून लावू," ते म्हणाले. ते 'आपण' मी खरं मानलं, हा माझाच गाढवपणा.

तर त्या शनिवारी कोकम ओतून द्या म्हणाले तेव्हा मी मान हलवली. म्हटलं, ह्यांची पाठ वळली की पुन्हा घालते. स्वयंपाक करणाऱ्या बाईला अशी खोटी मान हलवायची सवय असते. घरी नवऱ्यापुढं हलवते, इथं साहेबापुढं. पातेलं घेऊन मी मोरीकडं निघाले, आणि जाता जाता टेबलावरचा गठ्ठा दिसला. रत्नागिरीहून छापून आलेली कार्डं, उद्याच्या पाहुण्यांसाठी.

वरचंच कार्ड मी वाचलं. 'आजीच्या परसातलं सॅलड. शेफ निनाद यांच्या आजीच्या स्वयंपाकघरातून, पिढ्यान्‌पिढ्यांची चव. वरी, निखाऱ्यावर भाजलेले कंद आणि कोवळा पाला.'

खाली आजीचा फोटो. नाकात नथ, मागं दगडी चौथरा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याची आजी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. ह्यानंच मला सांगितलं होतं, की आजीला गुडघ्यामुळं खाली उतरवत नाही, गॅलरीत तुळस आहे तेवढीच तिची बाग. आणि ही बाई निखाऱ्यात कणगरं भाजणार? पातेलं मी मोरीत असं आपटलं की कोकमाचं पाणी भिंतीवर उडालं.

मागच्या पडवीत जनाआत्ते रताळी सोलत होत्या. जनाआत्ते म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. साठी उलटलेली, नवरा मागंच गेलेला. रिसॉर्टवर सोलायच्या-निवडायच्या कामाला मीच त्यांना लावलं होतं.

"आत्ते, हे बघा," मी कार्ड त्यांच्या पुढ्यात धरलं, आणि मग आठवलं की त्यांना वाचता येत नाही. वाचून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, फोटोतल्या नथीसकट.

त्या हसल्या. "असू दे गो. पोटात गेलं की झालं. खाणारा काय नाव इचारतो?"

"मी विचारते ना. माझं आहे ते, आत्ते. मी दाखवलंय त्याला. उद्या मॅडम विचारतील कुणाचं, आणि हा सांगणार आजीचं. मग माझी जागा गेली. पुन्हा जूनमध्ये घरी, पुन्हा फोनकडं बघत बसा. माझ्या हातचं, माझं, आणि नाव त्या नथवालीचं?"

त्यांनी सुरी थांबवली आणि माझ्याकडं बघितलं.

"हां," म्हणाल्या, आणि पुढचं रताळं घेतलं.

त्यांच्या त्या 'हां'नं मला अजूनच चीड आली. वाटलं, हिच्या अंगात रक्त आहे की पेज. मी सुरणाची परात उचलली, मोठ्या डेगेत उलटी केली आणि वरून नळाचं साधं पाणी सोडलं.

"कोकम?" आत्तेंनी विचारलं.

"साहेबांनी नको सांगितलंय. राहू दे असंच. उद्या खाजू देत सगळ्यांचे घसे. निघू दे त्या आजीचं नाव मुंबईपर्यंत."

"माणसं जेवायला येतायत गो."

"जेवू देत की."

आमच्यात सुरणाची एक रीत आहे. ज्या बाईनं शिजवलं, तिनं पहिला तुकडा सगळ्यांच्या देखत खायचा. तिनं गिळला की मग बाकीच्यांनी ताट पुढं ओढायचं. लग्न असो, श्रावणी असो, नाहीतर साधं घरचं जेवण. भांडणाच्या घरात तर ही रीत अगदी डोळ्यांत तेल घालून पाळतात.

"मग पहिला तुकडा कोण खाणार?" आत्तेंनी विचारलं.

"त्याची आजी," मी म्हटलं.

सहा वाजता मी पदर खोचून निघाले. आत्ते म्हणाल्या, "तू हो पुढं. माझी मोळी बांधायची ऱ्हायली." मी थांबले नाही. वाटभर त्या पोराला शिव्या देत चढण चढले. घरी आल्यावर नवरा काय म्हणाला, पोरं काय म्हणाली, मला आता काही आठवत नाही.

रविवारी सकाळी सुरण उपसलं. जरा लालसर दिसलं. सुरणाच्या काही जाती असतात लालसर, मी लक्ष दिलं नाही. मीठ-हळद चोळली, पानात बांधलं, निखाऱ्यात पुरलं. एरवी भाजून झाल्यावर मी तुकडा मोडून बघते. त्या दिवशी बघितला नाही. वरी मात्र जीव लावून भाजली. पाला स्वतः निवडला, एक पिवळं पान येऊ दिलं नाही. म्हटलं, बाकी सगळं असं झक्क होऊ दे की लोक हावरटासारखे घास भरतील. कुणाचा राग कुणावर काढत होते याचा विचारसुद्धा मला शिवला नाही. राग आला की मला फक्त समोरचं तोंड दिसतं, त्याच्या मागंपुढं बसलेली माणसं दिसत नाहीत. लहानपणापासून मी अशीच आहे.

उंडीच्या झाडाखाली टेबल लावलं होतं. वागळे मॅडम, त्यांचे सात पाहुणे. प्रत्येकाच्या ताटाशी कार्ड. मी दारामागं उभी राहून ऐकत होते. सर आजीबद्दल सांगत होते. आजी पहाटे उठून चूल कशी पेटवायची, परसातून पाला कसा खुडून आणायची. सांगता सांगता त्यांचा आवाज भरून आला. मला वाटलं, आता जाऊन ह्याच्या डोक्यावर सगळी परात ओतावी.

तेवढ्यात पाहुण्यांतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "यात सुरण आहे का हो? मग मला नको. लहानपणी एकदा खाल्लं होतं, दोन दिवस थुंकी गिळता येत नव्हती."

टेबलावरचे चमचे थांबले. एका बाईंनी तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला.

"नाही नाही काका, सुरण म्हणजे..." सर अडखळले. मग एकदम त्यांनी मागं वळून हाक मारली. "दर्शनाताई, या जरा. सुरण यांनी केलंय. ते सगळं याच बघतात."

बघा. वरी, पाला, चूल, पहाट, सगळं आजीचं. घसा खाजणार तेवढा दर्शनाचा. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. पदराला हात पुसत मी बाहेर आले आणि आठ माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

"खाजणार नाही ना?" वागळे मॅडमनी विचारलं. हसून विचारलं, पण विचारलं.

खाजेल म्हटलं तर जागा गेली. सांगितलेलं काम माहीत असून बिघडवलं, असंच म्हणतील, आणि सर आनंदानं हो म्हणतील. नाही खाजणार म्हटलं तर पाचव्या मिनिटाला हे म्हातारे गृहस्थ घसा धरून उठतील. त्यांनी चमचा अजून नुसता धरलेला होता. काल मी ज्यांचे घसे खाजू दे म्हणत होते, त्यांना तोंडं नव्हती. आज होती.

"तिला काय इचारताय?" पाठीमागून आवाज आला.

जनाआत्ते पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या. पाहुण्यांसमोर त्या कधी यायच्या नाहीत. पाणी वाढायला दुसरा माणूस होता.

"आमच्यात सुरण शिजवणारी बाई पैला तुकडा खाते. सगळ्यांच्या देखत," त्या मॅडमना म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "खा गो."

मला वाटलं, ही म्हातारी चळली. हिला माहीत आहे सुरण कशात होतं. हिच्यासमोरच मी पाणी सोडलं. आणि हीच मला आता चारचौघांत फासावर चढवते? मी तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. ती शांत. मग मी म्हटलं, ठीक आहे. केलंय ना, मग खा. परातीतला सगळ्यात मोठा तुकडा मी उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला.

चावला. गिळला. वाट बघितली.

सगळे माझ्या गळ्याकडं बघत होते. मी जीभ फिरवली, आवंढा गिळला, पुन्हा गिळला. काही नाही. मऊ, धुरकट, गोडसर. आणि मागून किंचित आंबट. वरच्या आगळाची ती चव नव्हती, आतपर्यंत मुरलेली होती.

मी जनाआत्तेंच्या हाताकडं बघितलं. जगची दांडी धरलेली बोटं दुसऱ्या पेरापर्यंत काळपट लाल होती.

"नाही खाजत," मी म्हटलं.

म्हातारे गृहस्थ हसले आणि त्यांनी एक तुकडा घेतला. मग दुसरा घेतला. मग सगळे जेवायला लागले आणि पाच मिनिटं कुणी बोललंच नाही. स्वयंपाक करणाऱ्याला त्यासारखी दुसरी पावती नसते. मी तिथंच थांबायला नको होतं. आत जाऊन आत्तेंचे पाय धरायला हवे होते. पण मॅडमनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "निनाद, तुझ्या आजीच्या हाताला खरंच चव असणार."

"थँक यू मॅडम," सर म्हणाले.

झालं. माझं डोकं फिरलं.

"मॅडम, ह्यांच्या आजीचा काडीचा संबंध नाही यात," मी म्हटलं. "ह्यांच्या आजी फ्लॅटमध्ये राहतात. कणगर कशाला म्हणतात ते सरांना गेल्या महिन्यात मी दाखवलं, हातात देऊन. वरी आधी भाजायची हे मी सांगितलं. पाला मिठानं चोळायचा हे मी सांगितलं. सहा वर्षं मी इथं चिरते, घासते, कुणाला एका शब्दानं बोलले नाही. सुरण खाजेल म्हटल्यावर बरी आठवली दर्शना. चव लागली की आजी."

"ताई, हे आत्ता इथं..." सर पुटपुटले. कानापर्यंत लाल झाले होते.

"इथंच. सगळ्यांसमोर छापलंत ना? मग सगळ्यांसमोर ऐका."

मॅडम हसत नव्हत्या. "मग ही पाककृती कुणाची?" त्यांनी मला विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

जनाआत्ते तेव्हा त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पेल्यात पाणी ओतत होत्या. त्यांनी पेला काठोकाठ भरला. मग पुढच्या पेल्याकडं गेल्या.

मॅडमनी सरांकडं बघितलं, सरांनी ताटाकडं. "कार्डं परत छापा," मॅडम म्हणाल्या. जेवणं आटोपल्यावर मला बोलावून त्यांनी सेकंड कुकची जागा दिली. बारा महिने, पक्की. फोनकडं बघत बसणं संपलं.

मी स्वयंपाकघरात गेले. आत्ते जग विसळत होत्या.

"तुम्ही कोकमात घातलंत."

"हां. तू गेल्यावर. सकाळी तुझ्या आधी येऊन तीन पाण्यांनी धुतलं, साहेबाला रंग दिसाया नको म्हणून."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ऐकणार होतीस?" त्यांनी जग पालथा घातला. "राग आला तर तोंडानं काढायचा, बाय. माणसांच्या जेवणात नाय घालायचा."

"काढला ना तोंडानं. तुम्ही होतात की तिथं."

"व्हते," त्या म्हणाल्या. "ऐकला मी."

पदराला हात पुसून त्या मोळी उचलायला गेल्या. त्या दिवशी माझ्यासाठी थांबल्या नाहीत.

माझं लग्न होऊन पहिला मार्गशीर्ष होता तेव्हाची गोष्ट आहे. जनाआत्तेंच्या खळ्यावर मी झोडणीला गेले होते. त्या वर्षी त्यांच्या वाट्याला भात आलाच नव्हता, डोंगरावरची वरी तेवढी होती. डाळ नव्हती, मुळ्याचा पाला होता. जेवायला आम्ही सहा माणसं. त्यांनी खळ्याच्या कडेला निखारे केले, कंद पुरले, वरी भाजून शिजवली, पाला मिठानं चोळला आणि सगळं एका परातीत कालवलं. पहिला तुकडा स्वतः खाल्ला आणि परात माझ्यापुढं सरकवली. मी विचारलं, आत्ते, ह्याला काय म्हणतात? म्हणाल्या, "म्हणतात काय? व्हतं ते कालवलं." मी त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकले सगळं. वास कुठवर येऊ द्यायचा, निखारा किती राखेचा पाहिजे, पाला किती चोळायचा, सगळं. आणि आठ माणसांत, त्या चार हातांच्या अंतरावर उभ्या असताना, ती पाककृती मी माझी म्हणून सांगितली. त्या पोरानं निदान मेहनत घेऊन फोटो तरी छापला होता.

सोमवारी मॅडमना फोन करून खरं सांगते, असं मी ठरवलं होतं. सोमवारी माझा कोट शिवायला माप घ्यायला माणूस आला. बुधवारी नवी कार्डं आली, 'दर्शनाचं वरी-कंद सॅलड'. आत्तेंना वाचता येत नाही म्हणून मी देवाचे आभार मानले. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. सर वर्षभरानं दुसरीकडं गेले. जाताना माझी माफी मागून गेले, तीही मी ऐटीत घेतली.

आत्ते अजून दोन वर्षं रिसॉर्टवर येत होत्या, मग गुडघे गेले. आता घरीच असतात. दरवर्षी पहिलं सुरण निघालं की मी त्यांच्या घरी जाते, त्यांच्या अंगणात निखारे करते, सगळं त्यांच्यासारखंच कालवते. ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवते आणि मोठा तुकडा उचलून म्हणते, "आत्ते, घ्या."

त्या ताट माझ्याकडं सरकवतात.

"आधी तू खा," म्हणतात. "तुझं हाय ते."

रागानं म्हणत नाहीत. रीतच आहे तशी. मला वाटतं, म्हातारे, एकदा तरी बोल. शिव्या घाल, परात फेक, राग तोंडानं काढायचा म्हणून मला शिकवलंस ना, मग काढ की. माझंच डोकं तडकतं. पण त्या काही बोलत नाहीत. मी तुकडा तोंडात घालते आणि गिळेपर्यंत त्या माझ्याकडं बघत राहतात. मग ताट ओढून जेवायला लागतात.